गुडघ्याची गोळी पोटात काय करते?

वडोदऱ्यात दांडिया बाजार, रावपुऱ्याच्या मराठी घरांत साठीपुढच्यांचे गुडघे कुरकुरतात, आणि मग कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून पट्टी कापून चार गोळ्या येतात. त्यांत बहुधा डायक्लोफिनॅक किंवा असिक्लोफिनॅक असतं, जोडीला पॅरासिटामॉल. आराम पडतो, म्हणून महिनोन् महिने त्याच चालू राहतात. मला काळजी वाटते ती याचीच.

सांधा सुजला की तिथे प्रोस्टाग्लँडिन ही रसायनं तयार होतात आणि ठणका वाढतो. ॲस्पिरिनच्या जातीची औषधं (डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक त्यातलीच) ही रसायनं तयारच होऊ देत नाहीत, हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं; १९८२ च्या नोबेलचे ते एक मानकरी. पण हीच रसायनं जठराचं अस्तर आम्लापासून राखतात, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही सांभाळतात. गोळी ती तिथेही थांबवते. म्हणून अल्सर होतो, कधी आतून रक्तस्राव होतो आणि शौच डांबरासारखं काळं होतं. तसं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रक्तदाबाची आणि लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल, तर मूत्रपिंडाचा धोका आणखी वाढतो. पोटाला सौम्य अशी नवी औषधं निघाली, पण त्यातल्या रोफेकॉक्सिबमुळे हृदयविकाराचा धोका वाढतो असं दिसलं आणि २००४ मध्ये ते बाजारातून काढून घेतलं गेलं.

गुडघा झिजला असेल तर आधी डायक्लोफिनॅकचं जेल लावून पाहावं, असं माझं मत आहे. गुडघा कातडीच्या जवळ असल्याने औषध तिथवर पोचतं, रक्तात मात्र थोडंच उतरतं. खुब्याचा सांधा खोल असतो, तिथे जेलचा फारसा उपयोग नाही. नुसत्या पॅरासिटामॉलने झिजेच्या दुखण्यात थोडाच फरक पडतो, आणि तापाच्या गोळीतही तेच असल्याने नकळत दुप्पट मात्रा होते, ती यकृताला जड जाते.

दोन्ही हातांची बोटं सुजत असतील, सकाळी तासभर आखडलेली राहत असतील, तर दुखणं वेगळं, आमवाताचं असू शकतं. तिथे वेदनाशामक गोळीने ठणका दबतो, पण सांध्याची मोडतोड चालूच राहते. ती रोखायला मेथोट्रेक्सेटसारखं औषध लागतं, तेही रक्ततपासण्या करत. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. डॉक्टरांकडून वार ठरवून घ्या आणि तो पाकिटावर मराठीत ठळक लिहून ठेवा.