मस्टँग ‘दत्तक’: बारा महिन्यांची बारगिरी

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या सरकारी माळरानावरून पकडलेला, माणसाचा हात न लागलेला मस्टँग किमान 125 डॉलर भरून घरी आणता येतो. हा घोडा ‘दत्तक’ मिळतो म्हणतात, आणि सगळा घोळ या शब्दातच आहे. आपल्याकडे दत्तकविधान झालं की नाव आणि वारसा दोन्ही पक्के. इथे पहिले बारा महिने घोडा सरकारच्याच मालकीचा. घेणाऱ्याने तो सांभाळायचा. मराठी फौजेच्या भाषेत सांगायचं तर पहिलं वर्षभर तुम्ही बारगीर. मालकीचा कागद हाती आला की शिलेदार.

‘मस्टँग’चं स्पॅनिश मूळही ‘धनी नसलेलं चुकार जनावर’ असंच. घोडा उत्तर अमेरिकेतच उत्क्रांत झाला, सुमारे 10,000 वर्षांपूर्वी तिथून नाहीसा झाला आणि सोळाव्या शतकात स्पॅनिश जहाजांतून परतला. त्यामुळे तो रानटी की मोकाट, यावर गुरंवाले आणि घोडाप्रेमी अजून भांडतात. 1971च्या कायद्याने हा वाद बाजूला ठेवला. सरकारी जमिनीवरचा, अंगावर मालकाच्या खुणेचा डाग नसलेला, कोणी हक्क न सांगितलेला घोडा ‘मुक्त रानटी’ ठरला आणि त्याला संरक्षण मिळालं.

कळप वाढले. 1973मध्ये मोंटानात पहिले घोडे लोकांना दिले गेले, 1976पासून देशभर. तोवर मालकी देण्याची सोयच नव्हती. 1978च्या दुरुस्तीने ती केली: एका माणसाला वर्षाला चार घोडे, आणि वर्षभर नीट सांभाळले तर मालकी. हेतू चांगला होता, पण मालकी मिळताच कायद्याचं संरक्षण संपतं, ही फट त्यातच राहिली. 1980च्या दशकात घाऊक घोडे घेणाऱ्यांना शुल्क माफ झालं. मग एकेका माणसाने अनेकांची मुखत्यारपत्रं गोळा केली, घोडे एकगठ्ठा नेले, वर्ष मोजलं आणि कागद येताच कत्तलखान्याचा रस्ता धरला. घेणाऱ्याचा बेत ठाऊक असताना मालकी देता येणार नाही, असं 1988मध्ये अपील न्यायालयाला सांगावं लागलं.

ती फाइल 2019मध्ये कोणी उघडलेली दिसत नाही. माळावरच्या घोड्या-गाढवांची गणती वाढतच होती, 2020मध्ये ती 95,000च्या पुढे गेली, आणि ठरवलेली मर्यादा होती जेमतेम 27,000. हे ओझं हलकं करायला सरकारने 2019पासून घोडा नेणाऱ्यालाच 1,000 डॉलर देऊ केले: निम्मे सुरुवातीला, निम्मे मालकी मिळाल्यावर. दत्तक वाढले आणि वर्ष उलटताच तेच घोडे कत्तलीच्या व्यापाऱ्यांच्या लिलावात दिसू लागले. पुढे सगळी रक्कम मालकीनंतर देण्याचं ठरलं. 2025मध्ये न्यायालयाने योजनाच रद्द केली.

घोड्याचा विश्वास कमावण्याची रीत मात्र याच काळात सुधारली. पूर्वी खांबाला बांधून, खोगीर चढवून, उधळून थकेपर्यंत बसायचं. घोडा मोडायचा, भीती तशीच राहायची. 1980च्या दशकात तुरुंगांत कैद्यांच्या हातून घोडे शिकवून घेणं सुरू झालं आणि 2007नंतर शंभर दिवसांत घोडा शिकवण्याच्या स्पर्धांनी संथ पद्धत लोकांपर्यंत नेली.

नियमाने प्रत्येक घोड्याला 400 चौरस फूट आवार लागतं. मोठ्या घोड्याला कुंपण 6 फूट उंच हवं, कारण एकटा पडलेला घोडा कळपाच्या ओढीने उडी मारतो. काटेरी तार चालत नाही. सुरुवातीला मोठं आवार नकोच. त्यात घोडा नुसता पळतो आणि पळून सुटका होते हे शिकतो. चारा साध्या वाळल्या गवताचा; लसूणघास एकदम दिला तर पोट बिघडतं.

घोड्याच्या खांद्याच्या दिशेने तिरकं चालायचं, नजर रोखायची नाही. घोडा ताठला की थांबायचं. त्याने कान वळवून पाहिलं की लगेच मागे सरायचं. माघार हेच बक्षीस, आणि ते दोन सेकंद उशिरा दिलं तर पळण्याचं बक्षीस ठरतं. पहिला स्पर्श लांब बांबूने मानेच्या बुडाशी. घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात. मग बांबू आखूड धरत हातापर्यंत यायचं. डावीकडे जमलं ते उजवीकडे पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. पाय सर्वांत शेवटी.

घाईपेक्षा म्होरकीने जास्त घोटाळे होतात. ट्रेलरमध्ये चढवताना बांधलेली म्होरकी ‘हाताला आल्यावर काढू’ म्हणून तशीच राहते. शिंगरू वाढतं आणि पट्टा नाकाच्या हाडावर रुततो. म्हणून पहिल्या आठवड्यांत पाठीवर बसण्याचा विचार बाजूला ठेवून ती सोडता-बांधता येईल एवढंच साधावं. मालकीच्या अर्जावर पशुवैद्य किंवा नालबंद यांच्यासारखा जाणकार सही करतो ती घोडा नीट सांभाळला जातोय याची. तो हाताला येतो का, हे अर्जात विचारलेलं नसतं.