गच्चीवरील भूस्थानक

लघुउपग्रहाचे संदेश ऐकण्यासाठी (आणि परवाना असल्यास त्याला आज्ञा देण्यासाठी) इमारतीच्या गच्चीवर थोडक्या खर्चात उभारलेली अँटेना, रेडिओ आणि संगणक यांची जोडणी. लघुउपग्रह म्हटले की चर्चा प्रक्षेपणाच्या खर्चाची होते. तो खर्च एकदाच येतो. उपग्रहाची विचारपूस मात्र तो जिवंत असेतो रोज करावी लागते. काटकसरीला खरा वाव आहे तो इथे.

१९९९ मध्ये अमेरिकेतील कॅल पॉली आणि स्टॅनफर्ड या विद्यापीठांनी क्यूबसॅटचे माप ठरवले : १० सेंमी. बाजूचा घन. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेतील विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ (जून २०१६) याच मापाचा, वजनाने किलोभराच्या आत. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला पवईच्या आयआयटीचा सुमारे १० किग्रॅ. वजनाचा ‘प्रथम’ हा उपग्रह पीएसएलव्ही-सी३५ या रॉकेटमधून गेला. आयनांबरातील (वातावरणाच्या वरच्या, विद्युत्‌भारित थरातील) इलेक्ट्रॉनांचे प्रमाण मोजणे हे त्याचे काम. त्यासाठी त्याचे संकेत जितक्या जास्त ठिकाणी टिपले जातील तितके चांगले, म्हणून इतर महाविद्यालयांनीही आपापली भूस्थानके उभारावीत अशी त्यामागची कल्पना होती. उपग्रहाइतकीच ही कल्पनाही मोलाची होती.

सुमारे ५०० किमी. उंचीवरचा उपग्रह दीड तासात पृथ्वीला फेरी मारतो, पण एका ठिकाणाहून तो दिसतो जेमतेम दहा-अकरा मिनिटे. या दर्शनाला ‘पास’ म्हणतात. ९,६०० बिट प्रतिसेकंद या वेगाने दहा मिनिटांत फार तर ७२० किलोबाइट माहिती उतरते. मोबाइलवर काढलेला एखादा फोटोही त्यात मावणार नाही. ध्रुवीय कक्षेतला, म्हणजे दोन्ही ध्रुवांजवळून फिरणारा, उपग्रह उत्तरेकडच्या टोकाजवळील नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरून जवळपास प्रत्येक फेरीत दिसतो. आपले ठाणे मात्र १९ अंश अक्षांशावर, त्यामुळे इथे दिवसाला चार-सहा पास, तेही दोन वेळांना घोळक्याने येणारे. त्यात पश्चिमेला येऊरचे डोंगर आणि घोडबंदर रस्त्याचे टॉवर. क्षितिजापासून २० अंशांपर्यंतचे आकाश झाकले गेले, तर डोक्यावरून जाणाऱ्या पासमधलीही पाचच मिनिटे हाती राहतात. जागा निवडताना भाड्याआधी आकाश पाहावे ते यासाठी.

साहित्य फारसे महाग नाही : हौशी रेडिओच्या १४५ किंवा ४३५ मेगाहर्ट्झ पट्ट्यातली यागी अँटेना (एका दांड्यावर आडव्या काड्या असलेली), तिच्या तोंडाशीच बसवलेला, क्षीण संकेत वाढवणारा प्रवर्धक, संगणकाला यूएसबीने जोडायचा आरटीएल-एसडीआर हा स्वस्त रेडिओ आणि एखादा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक. उपग्रह कुठे असेल हे सांगणारी दोन ओळींची कक्षा-माहिती, म्हणजे टीएलई, फुकट मिळते. मात्र ती ताजी हवी, शिळ्या आकड्यांवर अँटेना रिकाम्या आकाशाकडे वळते. ४३७ मेगाहर्ट्झवर डॉप्लर परिणामाने (उपग्रह जवळ येताना किंवा दूर जाताना वारंवारता बदलल्याने) संकेत सुरुवातीला सुमारे १० किलोहर्ट्झ वर आणि शेवटी तितकाच खाली सरकतो. हा हिशेब संगणक आपोआप करतो. अँटेना फिरवणारी मोटर टाळून स्थिर टर्नस्टाइल (सगळीकडून ऐकणारी, न फिरणारी अँटेना) लावली, तर संकेत क्षीण होतो, पण बिघडणारा एक भाग कमी होतो. ठाण्याच्या हवेत हा सौदा बहुधा परवडतो. खाडीकडची खारट, दमट हवा आणि जूनचा पाऊस यांत पहिला बळी जातो कनेक्टरचा. सांध्यातून पाणी केबलमध्ये शिरते, तांब्याच्या जाळीवर हिरवट थर चढतो आणि संकेत दिवसेंदिवस मंदावत जातो. मग सगळे उपग्रहाला दोष देतात. सांध्यावर रबर टेपचे दोन वेढे आणि त्याआधी केबलला खाली झुकवून दिलेला एक वळसा एवढ्यानेही पुष्कळ काम भागते.

मोठा खर्च मात्र माणसांचा. रात्रीच्या पाससाठी कोणी जागे बसायचे नसेल, तर स्थानकाने स्वतः ऐकायचे, नोंद ठेवायची आणि उपग्रहाच्या बॅटरीचा विद्युत्‌दाब किंवा तापमान मर्यादेबाहेर गेले तरच निरोप धाडायचा. उपग्रहालाही तितकेच शहाणे करावे लागते : किरणोत्सर्गाने संगणक अडकला, तर वॉचडॉग टायमर (त्यावर पहारा ठेवणारे घड्याळ) त्याला पुन्हा सुरू करतो आणि सेफ मोडमध्ये, म्हणजे बाकी कामे थांबवलेल्या अवस्थेत, बीकन (ठराविक अंतराने जाणारा ओळखीचा संकेत) तेवढा चालू राहतो. दुसरी वाट वाटणीची. सॅटनॉग्स या मुक्त जाळ्यात जगभरचे हौशी लोक आपली स्थानके एकमेकांना वापरू देतात, तर काही व्यावसायिक सेवा मिनिटाप्रमाणे पैसे घेतात. दिवसाला वीसेक मिनिटांचेच काम असेल, तर स्वतःचे स्थानक उभारणे हा निव्वळ हौसेचा भाग ठरतो.

प्रक्षेपित करण्यासाठी, म्हणजे वरती आज्ञा पाठवण्यासाठी, परवाना लागतो. हौशी पट्ट्यासाठी त्याआधी परीक्षा द्यावी लागते. गच्चीसाठी मात्र सोसायटीची परवानगी हवी, आणि तिथे मोबाइल टॉवरचा अनुभव आठवून पहिला प्रश्न येतो तो किरणांचा. नुसते ऐकणारी अँटेना काहीच फेकत नाही, हे समितीला सांगावे लागते, बहुधा दोनदा.