प्रकाशतंतूवरील डिजिटल रेडिओवहन

अँटेनाने टिपलेल्या रेडिओलहरीचे अंकांत रूपांतर करून ते अंक प्रकाशाच्या स्पंदांनी ऑप्टिकल फायबरमधून नेण्याची पद्धत. मोबाइलच्या जाळ्यात टॉवरवरचा रेडिओ संच आणि दूरचा बेसबँड संच (लहरीतून माहिती उकलणारा आणि लहर घडवणारा संच) यांच्यामधल्या या दुव्याला फ्रंटहॉल म्हणतात.

पूर्वी रेडिओ संच टॉवरच्या पायथ्याशी खोलीत असे आणि तिथून तांब्याची जाड फीडर केबल वर चढवलेली असे. २ गिगाहर्ट्झच्या आसपास अशा केबलच्या ५० मीटरांत साधारण ३ डेसिबल, म्हणजे निम्मी शक्ती वाटेतच उष्णता होऊन जाते. फायबरमध्ये १,३१० नॅनोमीटर तरंगलांबीला अख्ख्या किलोमीटरची घट जेमतेम ०.३५ डेसिबल. म्हणून रेडिओ संच अँटेनाजवळ नेला गेला. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो आणि हा संच दिवसभर उन्हात असतो, त्यामुळे त्यात उणे ४० ते ८५ अंश सेल्सिअस सोसणारी लेसर मॉड्यूल बसवतात.

लहर अंकांत न बदलता जशीच्या तशी प्रकाशावर चढवूनही पाठवता येते. ते स्वस्त पडते, पण अंतर वाढेल तसा गोंगाट आणि विकृती लहरीत मिसळत जाते. सोलापूरकराला हा फरक जकार्ड मागावरून, म्हणजे भोके पाडलेल्या कार्डांवरून नक्षी विणणाऱ्या मागावरून, चटकन उमगेल. चादर पाहून दुसरी चादर विणली, तिच्यावरून तिसरी, तर नक्षी हळूहळू बिघडते. कार्डावरचे भोक मात्र एक तर आहे, नाहीतर नाही. शंभराव्या नकलेवरूनही नक्षी पहिल्यासारखीच उतरते. अंकांचेही तसेच: प्रकाश क्षीण झाला तरी शून्य आणि एक ओळखता येतात तोवर लहर मूळ रूपात परत उभी राहते.

याची किंमत मात्र मोठी आहे. एलटीईच्या (४जी) २० मेगाहर्ट्झ पट्ट्यासाठी सेकंदाला ३ कोटी ७ लाख २० हजार नमुने, म्हणजे लहरीची मोजमापे, घेतात. प्रत्येक नमुन्याचे दोन घटक, प्रत्येकी १५ बिटांचे. त्यात नियंत्रणाचे बिट आणि रेषासंकेतन (वहनासाठी जोडलेले जादा बिट) धरले की एका अँटेनामागे सेकंदाला १,२२८.८ मेगाबिट होतात. दोन अँटेनांवरून ग्राहकाला कमाल सुमारे १५० मेगाबिट मिळावेत, म्हणून फायबरवर २,४५७.६ मेगाबिट वाहतात. शिवाय हा ओघ वापरावर अवलंबून नाही. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदान फुललेले असो की मध्यरात्री तिथे चिटपाखरू नसो, नमुने तेवढेच निघतात. या पद्धतीची खरी उधळपट्टी इथे आहे.

एरिक्सन, हुआवे, एनईसी, नॉर्टेल आणि सीमेन्स यांनी २००३ मध्ये आणलेला सीपीआरआय (कॉमन पब्लिक रेडिओ इंटरफेस) हा फ्रंटहॉलचा मानक संकेत याच तत्त्वावर उभा आहे. ५जीत १०० मेगाहर्ट्झ पट्टा आणि ६४ अँटेना आल्या तेव्हा हाच हिशेब २५० गिगाबिटांच्या वर गेला. त्यामुळे त्याच्या पुढच्या, २०१७ च्या ईसीपीआरआय या संकेतामध्ये प्रक्रियेचा काही भाग टॉवरवरच उरकण्याची सोय आली. कच्चे नमुने जाण्याऐवजी निवडलेली माहितीच पुढे जाते आणि ओघ वापरानुसार कमीजास्त होतो.

वेळेचे बंधन मात्र त्यानेही सुटले नाही. फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद लागतात. फोनने पाठवलेला माहितीचा खंड नीट पोहोचला की नाही, हे एलटीईत चौथ्या मिलिसेकंदाला कळवावे लागते आणि त्यातला बहुतेक वेळ खंडाची उकल करण्यातच जातो. फायबरच्या वाट्याला एका दिशेने साधारण १०० मायक्रोसेकंद उरतात, म्हणजे २० किलोमीटर. सात रस्त्यावर बेसबँड केंद्र ठेवले तर जुळे सोलापूर, होटगी रस्ता, अक्कलकोट रस्त्यावरची एमआयडीसी हे सगळे या वर्तुळात बसते. फायबर मात्र सरळ रेषेत जात नाही, रस्त्यांच्या कडेने वळणे घेत जाते. त्यामुळे नकाशावरचे अंतर धरून आखणी केली की फसगत होते. अक्कलकोट सुमारे ४० किलोमीटरवर आहे, ते बाहेर राहते. पंढरपूर तर ७० किलोमीटरच्या आसपास, एका खेपेलाच ३५० मायक्रोसेकंद. आषाढीला तिथे लोटणाऱ्या लाखोंच्या गर्दीसाठी कितीही फायबर टाकले, तरी बेसबँड संच पंढरपुरात किंवा त्याच्या अगदी जवळच ठेवावा लागतो.