कॉलऱ्याचे विष शोधणारे शंभुनाथ डे

कॉलऱ्याचा रोगी काही तासांत सुकून जातो. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होत राहतात, डोळे खोल जातात, आणि गेलेले पाणी व क्षार वेळीच भरून निघाले नाहीत तर माणूस दगावतो. जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यात या रोगाच्या जंतूचा अभ्यास केला, जंतू विष तयार करत असावा असा तर्कही मांडला. परंतु ते विष पुढची पंचाहत्तर वर्षे कोणालाच दाखवता आले नाही. दाखवले ते कलकत्त्यातल्याच शंभुनाथ डे यांनी.

हुगळी जिल्ह्यात १९१५ साली एका साधारण परिस्थितीतल्या कुटुंबात जन्मलेले डे कलकत्त्यात डॉक्टर झाले, लंडनला रॉय कॅमेरॉन यांच्या हाताखाली विकृतिशास्त्रात (पॅथॉलॉजी) पीएच.डी. करून १९४९ मध्ये परतले आणि कॉलऱ्याच्या मागे लागले. तोवर बहुतेक संशोधक प्राण्यांच्या रक्तात किंवा उदरपोकळीत जंतू टोचत होते आणि त्यातून कॉलरा काही होत नव्हता. डे यांचा विचार सरळ होता: रोग आतड्याचा आहे, तर प्रयोगही आतड्याच्या आतच व्हायला हवा.

त्यांनी सशाला भूल देऊन लहान आतड्याचा एक छोटा भाग दोन्ही टोकांना दोऱ्याने घट्ट बांधला, त्या बंद भागात जंतू सोडले आणि पोट शिवून टाकले. दुसऱ्या दिवशी तो भाग तट्ट फुगलेला होता आणि आत रोग्याच्या जुलाबांसारखाच द्राव साचला होता. जंतू न टाकलेला भाग मात्र जसाच्या तसा होता. ही पद्धत त्यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. १९५९ मध्ये त्यांनी जंतू वाढवलेला द्रव गाळून, एकही जंतू नसलेला अर्क वापरला, तरीही आतडे फुगले. याचा अर्थ, पाणी खेचून आणणारे विष जंतूच्या बाहेर पडलेले होते. हा निबंध ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आला. या विषामुळे आतड्याच्या पेशी क्षार बाहेर टाकत राहतात आणि त्यामागोमाग पाणी जाते, हा उलगडा पुढे इतरांनी केला.

इतक्या साध्या साधनांनी इतका निर्णायक पुरावा क्वचितच मिळतो, आणि तरीही भारतात त्यांना हयातीत एकही मोठा सन्मान मिळाला नाही, याची खंत वाटते. १९७८ मध्ये नोबेल प्रतिष्ठानने कॉलऱ्यावरील परिसंवादाला त्यांना निमंत्रित केले. १९८५ मध्ये त्यांचे निधन झाले. ‘करंट सायन्स’ या भारतीय नियतकालिकाने त्यांच्यावर विशेषांक काढला तो १९९० मध्ये.