संगणक जुना झाला हे कोण ठरवतं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले, आणि घरोघरचे धडधाकट संगणक एका रात्रीत म्हातारे ठरले. माझा लॅपटॉप त्यातलाच. इंटेलचा सहाव्या पिढीचा कोअर आय ५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, कशात काही बिघाड नाही. पण विंडोज ११ टाकायला गेलं की साफ नकार. हा नकार समजून घ्यायचा तर तीसेक वर्षं मागे जावं लागतं. संगणक तेव्हाही जुने व्हायचे, पण वेगळ्या कारणांनी.

ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आली. कागदोपत्री तिला ३८६ प्रोसेसर आणि ४ एमबी रॅम पुरायची. प्रत्यक्षात ४ एमबीवर ती चालायची नाही, रांगायची. निदान ८ एमबी हवीच होती. तेरा फ्लॉप्यांचा संच एकामागून एक सारत बसायचं आणि अकरावी खराब निघाली की पुन्हा पहिल्यापासून. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आली तोवर किमान रॅम ६४ एमबीवर गेली होती. सहा वर्षांत सोळापट! तेव्हा जुना संगणक म्हणजे न झेपणारा संगणक, एवढा सरळ हिशेब होता. नवीन घेतला की फरक डोळ्यांना दिसायचा, त्यामुळे खर्चाची कुरकुर फार काळ टिकत नसे.

२००४ च्या सुमारास ही शर्यत अडली. इंटेलच्या पेंटियम ४ प्रोसेसरचा वेग ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोचला, पण त्यापुढे चिप इतकी तापू लागली की नुसता वेग वाढवत नेणं परवडेना. मग एका चिपमध्ये दोन, चार कोअर, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळी कामं करणारे भाग, घालायला सुरुवात झाली. पत्रं लिहिणाऱ्या, फोटो बघणाऱ्या घरच्या माणसाला त्याचा फायदा पूर्वीइतका जाणवत नव्हता.

आणि नेमक्या त्याच सुमारास, जानेवारी २००७ मध्ये, विंडोज व्हिस्टा आली. तिच्या नावाने आजही बोटं मोडली जातात, आणि त्यातली बरीच रास्त आहेत. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि एखादं उपकरण यांना जोडणारं सॉफ्टवेअर. त्यातल्या ग्राफिक्स ड्रायव्हरची रचनाच तिने बदलली. विक्रीला ठेवलेल्या संगणकांवर आधीपासून ‘व्हिस्टा केपेबल’ असे स्टिकर लावलेले होते. पण इंटेलच्या ९१५ चिपसेटसारखं ग्राफिक्स असलेल्या यंत्रांवर व्हिस्टाचा तो गाजलेला काचेसारखा पारदर्शक देखावा चालतच नव्हता. प्रकरण अमेरिकेत कोर्टात गेलं. आमच्या घरी मात्र रड वेगळीच होती. संगणकाने व्हिस्टा कशीबशी पेलली, पण स्कॅनर मुका झाला. बनवणाऱ्या कंपनीने त्या मॉडेलसाठी नवा ड्रायव्हर काढलाच नाही. दिवा लागायचा, आतली पट्टी एकदा सरकायची, आणि पडद्यावर ‘डिव्हाइस सापडलं नाही’.

त्यानंतरच्या काळाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. विंडोज ७, ८ आणि १०, तिन्हींची कागदावरची मागणी तीच: १ गिगाहर्ट्झ प्रोसेसर आणि ३२ बिटसाठी १ जीबी, ६४ बिटसाठी २ जीबी रॅम. या काळात जुन्या संगणकाला खरा हात दिला तो एसएसडीने, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी आलेल्या, चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कने. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. हवी ती माहिती फिरत फिरत हेडखाली येईपर्यंत थांबावं लागतं. त्यामुळे इकडेतिकडे विखुरलेल्या फायली सेकंदाला जेमतेम शंभरेक वेळा वाचून होतात. एसएसडीत फिरणारं काही नाही, तिथे हाच आकडा हजारोंत जातो. विंडोज सुरू होताना नेमक्या अशाच बारीकसारीक फायली लागतात. संगणक मंदावला म्हणून लोक प्रोसेसरला शिव्या घालत होते, वेळ खात होती डिस्क.

दरम्यान चिंतेचा विषय वेगावरून सुरक्षेवर सरकला. एप्रिल २०१४ मध्ये एक्सपीचा सपोर्ट संपला, तरी लोक ती वापरतच राहिले. मे २०१७ मध्ये फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस पसरला तेव्हा मायक्रोसॉफ्टला नियम मोडून एक्सपीसाठीही पॅच, म्हणजे ती फट बुजवणारी दुरुस्ती, काढावा लागला. गंमत म्हणजे बळी पडलेले बहुतेक संगणक विंडोज ७ चे होते. त्यांच्यासाठीचा पॅच मार्चमध्येच आलेला होता, लोकांनी तो टाकला नव्हता. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या नावाचे सुरक्षेतले दोष उघडकीला आले. आता दोष थेट प्रोसेसरच्या रचनेतच होता.

या पार्श्वभूमीवर २०२१ मध्ये विंडोज ११ आली ती यादी घेऊनच: टीपीएम २.०, सिक्युअर बूट (संगणक सुरू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय), आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. टीपीएम म्हणजे गुप्त किल्ल्या सांभाळणारी वेगळी चिप. पण बऱ्याच संगणकांत तेच काम प्रोसेसरच करतो, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, ते बंद ठेवलेलं असतं. मी बायोसमध्ये शिरून ते चालू केलं. एक अट सुटली, प्रोसेसरची राहिली. सुरक्षेचं कारण खोटं नाही, पण रेघ नेमकी तिथेच का, हे मला पटलेलं नाही. सातव्या पिढीतले अगदी मोजके प्रोसेसर यादीत बसले, आणि त्यातला एक मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ मध्ये होता!

विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत लिनक्स याला अपवाद आहे असं समजू नये. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये ज्या ३८६ वर तिचा कर्नल, म्हणजे गाभा, लिहायला घेतला, त्याच चिपचा आधार २०१२ च्या अखेरीस काढून टाकला गेला. पण तिथे वीस वर्षं मिळाली. माझ्या लॅपटॉपवर आता लिनक्स मिंट आहे. ते टाकताना सहज म्हणून चालणाऱ्या स्कॅनरांची यादी चाळली, तर आमचं ते मॉडेल त्यात होतं, ‘पूर्ण सपोर्ट’ अशा शेऱ्यासह. स्कॅनर मी २००८ मध्येच भंगारात दिला होता.