असमकालिक अंमलक्रम (जावास्क्रिप्ट)

जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या प्रोग्रामिंग भाषेतील काही सूचना तिथल्या तिथे पार पडतात, तर काही पुढच्या वेळेसाठी रांगेत लावल्या जातात. या रांगांमधून काम उचलण्याच्या ठरलेल्या रीतीला असमकालिक अंमलक्रम म्हणतात. प्रोग्रामर रोजच्या बोलण्यात ‘असिंक’ एवढेच म्हणतात. असमकालिक म्हणजे समांतर नव्हे. वेब वर्कर (पार्श्वभूमीत स्वतंत्रपणे चालणारा कोड) वगळता पानाचा सगळा जावास्क्रिप्ट कोड एकाच थ्रेडवर, म्हणजे अंमलाच्या एकाच धाग्यावर चालतो आणि हातातले काम संपल्याखेरीज दुसरे सुरू होत नाही.

यंत्रणा : चालू असलेली फंक्शने कॉल स्टॅक नावाच्या चळतीवर असतात. टायमर, क्लिक, नेटवर्कवरून आलेले उत्तर यांचे कॉलबॅक, म्हणजे नंतर चालवण्यासाठी दिलेली फंक्शने, टास्क म्हणून रांगेत येतात. प्रॉमिस म्हणजे पुढे मिळणाऱ्या मूल्याची जागा धरणारी वस्तू; ते मिळाल्यावर काय करायचे हे तिच्या ‘देन’ मेथडला सांगतात. ‘देन’ला दिलेले फंक्शन मात्र मायक्रोटास्कच्या वेगळ्या रांगेत जाते. इव्हेंट लूप, म्हणजे रांगांतून काम उचलणारे चक्र, एक टास्क उचलतो आणि तो पुरा झाला की मायक्रोटास्कची रांग पूर्ण रिकामी करतो. पडद्यावर चित्र नव्याने काढायचे असल्यास त्यानंतर काढले जाते आणि मग पुढचा टास्क घेतला जातो. समजा, एका कोडमध्ये ‘एक’ छापले, शून्य मिलिसेकंदांच्या सेटटाइमआउटमध्ये (दिलेल्या वेळानंतर फंक्शन चालवणाऱ्या टायमरमध्ये) ‘दोन’ ठेवले, आधीच पूर्ण झालेल्या प्रॉमिसच्या ‘देन’मध्ये ‘तीन’ ठेवले आणि शेवटी ‘चार’ छापले. उत्तर एक, चार, तीन, दोन असे येते. शून्य मिलिसेकंद म्हणजे ‘लगेच’ नव्हे. तो टास्क निदान आपली पाळी येईपर्यंत थांबतो. टायमरच्या आत टायमर असे पाच पातळ्यांहून खोल गेल्यास ब्राउझर किमान ४ मिलिसेकंदांचे अंतर लावतो.

मायक्रोटास्कची रांग ‘पूर्ण’ रिकामी होते, या एका शब्दात पुष्कळ काही दडले आहे. स्वतःलाच पुन्हा रांगेत लावणारा मायक्रोटास्क पान गोठवून टाकतो. हेच सेटटाइमआउटने केले तर पान चालत राहते. ही रांग टास्कच्या मध्येही कॉल स्टॅक रिकामा होताच तपासली जाते, त्यामुळे आणखी एक बारकावा निर्माण होतो. एका बटणाला दोन श्रोते (क्लिक होताच चालणारी फंक्शने) जोडले असून दोन्ही एकेक मायक्रोटास्क लावतात, असे धरू. माणसाने बटण दाबले तर पहिल्या श्रोत्याचा मायक्रोटास्क दुसऱ्या श्रोत्याच्या आधी चालतो. तेच बटण कोडमधून क्लिक मेथडने दाबले, तर हाक मारणारा कोड अजून स्टॅकवर असल्याने दोन्ही श्रोते आधी चालतात आणि मायक्रोटास्क मागाहून. त्यामुळे स्वयंचलित चाचणीत दिसणारा क्रम आणि वापरकर्त्याच्या हातून घडणारा क्रम वेगळा असू शकतो.

दोन मानके : या विषयातला गोंधळ बराचसा येथून येतो. सेटटाइमआउट आणि इव्हेंट लूप जावास्क्रिप्टच्या भाषामानकात, म्हणजे एक्मास्क्रिप्टमध्ये नाहीत. त्यांची व्याख्या एचटीएमएल मानकात आहे. उलट प्रॉमिस २०१५ मध्ये भाषामानकात आले, आणि तेथे मायक्रोटास्कऐवजी ‘जॉब’ हा शब्द आहे.

‘अवेट’चा क्रम : ‘अवेट’ हा शब्द प्रॉमिस पूर्ण होईपर्यंत ‘असिंक’ फंक्शनला थांबवतो. भाषामानकाच्या २०१७ च्या आवृत्तीत आलेल्या असिंक-अवेटच्या मूळ व्याख्येप्रमाणे आधीच पूर्ण झालेल्या प्रॉमिसवर ‘अवेट’ केले तरी मायक्रोटास्कच्या तीन फेऱ्या लागत. ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोड जेएसच्या आवृत्ती ८ मधील एका दोषामुळे यातल्या फेऱ्या गळत. त्यामुळे ‘अवेट’नंतरची ओळ त्याच प्रॉमिसला मागून जोडलेल्या ‘देन’च्या आधी छापली जाई. नोड १० ने मानक काटेकोर पाळले आणि ती ओळ साखळीतल्या दोन ‘देन’च्याही मागे गेली. नंतर क्रोम व नोड यांत जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या व्ही८ इंजिनाच्या चमूने या जादा फेऱ्या अनावश्यक असल्याचे दाखवले. मानकातच दुरुस्ती झाली आणि नोड १२ मध्ये ती ओळ पुन्हा पुढे आली. एकाच कोडचे तीन आवृत्त्यांत दोन क्रम! म्हणून दोन स्वतंत्र साखळ्यांतील फेऱ्या मोजून त्यांवर प्रोग्राम उभा करणे धोक्याचे. क्रम हवा असेल तर एका साखळीतच तो स्पष्ट लिहावा.

उगम : जावास्क्रिप्ट १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपसाठी रचली. ‘प्रॉमिस’ ही संज्ञा सामान्यतः डॅनियल फ्रीडमन व डेव्हिड वाइज यांच्या १९७६ मधील लेखनाकडे नेली जाते. सुमारे त्याच वेळी पीटर हिबर्ड यांनी ‘इव्हेंच्युअल’ हा शब्द वापरला, तर हेन्री बेकर व कार्ल ह्यूइट यांनी १९७७ मध्ये ‘फ्यूचर’. काहींच्या मते खरा पूर्वज बार्बरा लिस्कोव्ह व ल्यूबा श्रीरा यांनी १९८८ मध्ये मांडलेले प्रॉमिस होय. मात्र त्यात मूल्य मागणारी प्रक्रिया उत्तर येईपर्यंत अडून राहते. न अडता कॉलबॅक लावून पुढे जाण्याची आणि इव्हेंट लूपशी सांगड घातलेली रीत मार्क मिलर यांच्या ‘ई’ भाषेत दिसते. मिलर पुढे जावास्क्रिप्टच्या मानक समितीतही होते, हे पाहता वेबवरील प्रॉमिसचे नाते ‘ई’शी जोडणे अधिक सयुक्तिक वाटते.

अलीकडील बदल : ५० मिलिसेकंदांहून लांबलेला टास्क ‘लाँग टास्क’ धरला जातो. मार्च २०२४ पासून गूगलच्या ‘कोअर वेब व्हायटल्स’ या पानाचा दर्जा मोजणाऱ्या मापांमध्ये पानाच्या प्रतिसादाची ढिलाई मोजणारे आयएनपी (इंटरॅक्शन टू नेक्स्ट पेंट) हे माप आले, त्यात २०० मिलिसेकंदांपर्यंतचा प्रतिसाद चांगला समजतात. लांब काम मध्येच सोडून ब्राउझरला वाव देण्यासाठी पूर्वी सेटटाइमआउटच वापरत, पण उरलेले काम रांगेच्या शेवटी जाई. २०२४ मध्ये क्रोम १२९ मध्ये आलेल्या शेड्युलरच्या ‘यील्ड’ मेथडने हे उरलेले काम त्याच प्राधान्याच्या इतर टास्कांच्या पुढे ठेवले जाते.