कोपऱ्यात बसलेली मुलं आणि डोपामिनचं कुलूप

डिमेन्शिया म्हणजे नुसता विसराळूपणा असं वाटणाऱ्यांनी एकदा तरी पेशंटच्या तोंडून ऐकायला हवं, "ती दोन मुलं कधीची कोपऱ्यात बसलीयेत, त्यांना कुणी पाणी तरी द्या." कोपरा रिकामा. घरच्यांच्या पोटात गोळा. बाहेरची बाधा वगैरे काही नसतं हो, उगाच अंगारे-धुपारे करत बसू नका. लेवी बॉडी डिमेन्शिया या प्रकारात माणसं, मुलं, प्राणी असे स्पष्ट दिसणं हे नेहमीचंच लक्षण आहे, आणि खोलीत उजेड कमी असेल तर खुंटीवरचा शर्टसुद्धा माणूस होतो.

मग कुणीतरी म्हणतं, भास होतायत ना, द्या हॅलोपेरिडॉल, म्हणजे भासांवरची अँटिसायकोटिक गोळी. इथेच खरी गंमत आहे (गंमत कसली, धोका!). ही गोळी डोपामिनचे, म्हणजे मेंदूतल्या एका निरोप्या रसायनाचे, डी-टू रिसेप्टर अडवते. रिसेप्टर कुलूप आणि डोपामिन किल्ली धरलं तर गोळी म्हणजे कुलपात घुसवलेली न फिरणारी किल्ली. पण हीच कुलपं मेंदूच्या स्ट्रायटम या भागातही असतात, हालचाल तिथून सांभाळली जाते, आणि लेवी बॉडीत सब्स्टॅन्शिया नायग्रा या मेंदूच्या भागातल्या डोपामिन बनवणाऱ्या बऱ्याच पेशी आधीच मेलेल्या, म्हणजे किल्ल्यांचाच दुष्काळ, त्यात कुलपंही बंद केली की माणूस लाकडासारखा ताठ होऊ शकतो, गिळता येईनासं होतं, कधी जिवावरच बेततं. याउलट रिव्हास्टिग्मिन हे डिमेन्शियाचं औषध डोपामिनच्या वाटेला जातच नाही, ते असिटिलकोलिन हे दुसरं निरोप्या रसायन तोडणाऱ्या एन्झाइमला अडवतं आणि काहींचे भास त्याने कमी होतात.

बाकीच्या डिमेन्शियातही अँटिसायकोटिक गोळ्या जपूनच. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, 2005 मध्ये या गटातल्या नव्या गोळ्यांच्या 17 चाचण्या तपासल्या, साधारण 10 आठवड्यांत गोळी घेणाऱ्यांमध्ये मृत्यू 4.5 टक्के, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांमध्ये 2.6. 2023 मध्ये अल्झायमरमधल्या अस्वस्थपणासाठी याच गटातल्या ब्रेक्सपिप्राझोलला मंजुरी मिळाली तेव्हा केवढा गाजावाजा झाला, पण याच मृत्यूच्या धोक्याची इशाऱ्याची चौकट त्याच्याही माहितीपत्रकात आहे.

आणि आरडाओरडा, मारामारी? आधी लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठता, दुखणारा दात बघा, कारण दुखतंय हे सांगायला शब्दच उरलेले नसतात. नॉर्वेतल्या नर्सिंग होममध्ये 352 जणांवरचा अभ्यास 2011 मध्ये छापून आला, निम्म्यांना 8 आठवडे वेदनेवर पद्धतशीर उपचार, बहुतेकांना साधं पॅरासिटामॉल. चिडचिड कमी झाली. औषध थांबवलं तशी परत वाढली.